अ‍ॅक्सिलरेटरची एक केबल आणि माझे ७६ हजार रुपये

जुनी गाडी घरात सांभाळून ठेवलेल्या माणसांनी, त्यातही आमच्यासारख्या खाऱ्या वाऱ्यावर राहणाऱ्यांनी, हे वाचावं म्हणून लिहितेय. पैसे गेले त्याचं दुःख आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या पैशांच्या बदल्यात जे माझ्या गाडीत बसवलं गेलं, त्यापायी माझा आणि माझ्या भाचीचा जीव जाता जाता वाचला.

आम्ही देवगडचे. हापूसची बाग, त्यावरच घर चालतं. गाडी माझ्या मामांची. मामा बोटीवर इंजिनिअर होते. १९७८ साली मुंबईत एका परत जाणाऱ्या गोऱ्या साहेबाकडून त्यांनी ही १९६६ची एमजीबी, म्हणजे ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, घेतली. दोन सीटची, उघड्या टपाची, गडद हिरवी. मला गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं, तेही याच गाडीवर, सड्यावरच्या मोकळ्या कातळावर. जाताना गाडी माझ्या नावावर करून गेले आणि सोबत एक वही देऊन गेले. बोटीवरच्या लॉगबुकासारखी ठेवलेली. कधी कोणतं तेल घातलं, कोणता नट बदलला, कुठल्या भागावर काय खूण केली, सगळं तारीखवार. त्या वहीचं पुढे काम पडलं म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

पावसाळ्यात गाडी चार महिने पडवीत उभी असते. गेल्या दसऱ्याला पूजा करण्यासाठी बाहेर काढली तेव्हा अ‍ॅक्सिलरेटर जड लागला. पाय उचलला तरी पेडल लगेच वर येईना, सावकाश आल्यासारखं यायचं. खाली वाकून पेडलच्या टोकाला हात लावला तर बोटात तार टोचून रक्त आलं.

आमच्या इथले मिस्त्री खरं तर ट्रॉलरच्या इंजिनांची कामं करतात. वय सत्तरीच्या पुढे. तरुणपणी त्यांनी अ‍ॅम्बॅसेडर भरपूर उघडल्यात, आणि अ‍ॅम्बॅसेडरचं जुनं १४८९ सीसीचं इंजिन नि एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन ही एकाच घराण्यातली, दोन्ही ब्रिटिश बी-सिरीज. त्यामुळे बॉनेट उघडलं की त्यांना अनोळखी असं काही वाटत नाही. त्यांनी टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाले, "बाय, दोन-तीन तारो तुटल्यात. बाकीचे तुटाक कितीसो येळ? नवी केबल हाड (आण), मी घालून देतंय."

केबलच्या आत पोलादी तारांचा पीळ असतो. पेडलच्या टोकाला त्याला एक निपल, म्हणजे धातूचं छोटं बोंड, असतं आणि ते पेडलच्या दांड्याच्या खाचेत बसतं. पाय दाबला की निपलानं त्या खाचेत थोडं फिरायला हवं. खाच झिजली किंवा गंजली की ते फिरत नाही, मग दरवेळी तार एकाच जागी वाकते, आणि एकेक धागा तुटत जातो. सुंभाचा पीळ सुटावा तशी टोकं बाहेर येतात, ती बाहेरच्या नळीत अडकतात आणि पेडल मागे यायला कां-कू करतं. मिस्त्रींनी हे पाच मिनिटांत दाखवलं होतं. मी ऐकलं आणि तरी दुसरीकडे गेले. ही माझी चूक मी लपवत नाही.

दुसरीकडे म्हणजे घाट चढून वर, एका मोठ्या शहरात. तिथला एक गॅरेजवाला जुन्या परदेशी गाड्यांचं काम करतो असं आमच्या एका आंब्याच्या गिऱ्हाइकानं सांगितलं होतं. फोनवर बोलणं इतकं आदबशीर, की माझा विश्वास बसला. "मॅडम, गावात कुणाला हात लावू देऊ नका. ही गाडी म्हणजे अँटिक पीस. केबल इंडियात मिळतच नाही, कंपनी कधीच बंद झाली. पण माझा इंग्लंडमध्ये माणूस आहे."

यातलं एक वाक्य नीट तपासलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनत होती, पाच लाखांहून जास्त गाड्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडल्या. इतक्या गाड्या जगभर पसरलेल्या असल्यामुळे तिचे सुटे भाग आजही नवे तयार होतात. नुसत्या केबलचं काय घेऊन बसलात, तिचं अख्खं बॉडीशेलसुद्धा ब्रिटनमध्ये १९८८पासून पुन्हा बनवायला घेतलं गेलं. कारखाना बंद झाला हे खरं, भाग मिळत नाहीत हे साफ खोटं. अर्धं खरं सांगितलं की उरलेलं अर्धं आपण विचारत नाही.

केबलचे त्यानं १४,५०० रुपये सांगितले. मी मोबाइलवरून पाठवले. दोन दिवसांनी फोटो आला, पारदर्शक पिशवीत गुंडाळलेली काळी केबल, वर छापील चिठ्ठी. मी खूश. आठवड्यानं फोन, "माल कस्टममध्ये अडकलाय, ६,५०० भरावे लागतील." तेही दिले. पावती मागितली तर म्हणाला, "त्यांच्या सिस्टिममध्ये असते मॅडम, आपल्याला देत नाहीत."

देतात. कुरिअरनं परदेशातून वस्तू मागवली की ज्याच्या नावानं ती येते त्याची आधार किंवा पॅनसारखी ओळख कुरिअर कंपनी मागते, आणि भरलेल्या ड्यूटीचा कागद निघतो. त्याच्याकडे एकही कागद नव्हता, कारण काही मागवलंच नव्हतं. तो फोटोसुद्धा मला पुढे एका परदेशी दुकानाच्या पानावर जसाच्या तसा सापडला. माझ्या भाचीनं फोनवर फोटोवरून शोध घेतला, मिनिटसुद्धा लागलं नाही. पैसे देण्याआधी मी तेवढं करायला हवं होतं.

अशी केबल घेऊन गाडी घाटातून चालवत न्यायची नाही एवढी अक्कल मात्र होती. कॅरियरवर चढवून फोंडा घाटानं वर पाठवली. जायचे ९,००० आणि यायचे ९,०००.

गाडी तिथे पोहोचल्यावर चौथ्या दिवशी फोन. आता केबलचा विषय बाजूला. "मॅडम, बॉनेट उघडलं आणि मलाच वाईट वाटलं. दोन्ही कार्बोरेटर गेलेत. नुसती केबल टाकली तर इंजिन बसेल." दोन्ही एसयू बनावटीचे कार्बोरेटर, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारे भाग, उतरवून पूर्ण ओव्हरहॉल, ३२,००० रुपये. मी म्हटलं, मामांनी ते चांगले ठेवले होते. तर म्हणाला, "मॅडम, हे जरा टेक्निकल आहे. साहेबांना फोन देता का?" आमच्या ह्यांना गाडीतलं ओ की ठो कळत नाही, ते आंब्याच्या कलमांतले. पण त्या एका वाक्यानं मी गप्प बसले. आपल्याला समजत नाही असं समोरच्याला वाटू नये म्हणून मी हो म्हटलं. मजुरीचे ५,००० वेगळे.

गाडी डिसेंबरात परत आली, आंब्याला मोहर धरत होता तेव्हा. बिल म्हणून हातानं लिहिलेला एक कागद, वर 'एस्टिमेट' असा शब्द. जीएसटी नंबर नाही, भागांचे क्रमांक नाहीत, सही वाचता येत नाही. जुनी केबल कुठं आहे विचारलं तर, "भंगारात टाकली मॅडम, काय करायचीय तुम्हाला?"

पहिले आठ दिवस गाडी चालली, पण सकाळी सुरू करताना स्टार्टर रेंगाळायचा, बॅटऱ्या उतरल्यासारखा. या गाडीला सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, सीटच्या मागे जमिनीखाली. त्या चार्ज करून घेतल्या, फरक नाही. किल्ली फिरवल्यावर प्लास्टिक जळल्यासारखा बारीक वास यायचा. चोकची मूठ, थंड इंजिन सुरू करताना ओढतात ती, एकदा हाताला गरम लागली. मी फोन केला. उत्तर, "नवी केबल आहे मॅडम, सेट व्हायला वेळ लागतो. आणि हळू दाबा, तुम्ही जोरात दाबत असाल."

केबल 'सेट' होत नसते, हे कृपा करून लक्षात ठेवा. बसवल्या दिवशी ती जशी चालते तशीच चालायला हवी.

जानेवारीत भाचीला घेऊन कुणकेश्वरला निघाले. मिठमुंबरीच्या पुलावरून पुढे गेलो, समुद्र डाव्या-उजव्या वळणांत दिसत-लपत होता, ती मोबाइलवर काहीतरी टिपत होती. चढ संपला, उतार लागला, मी पाय उचलला आणि इंजिनाचा आवाज खाली आलाच नाही. पेडलखाली पाय घालून वर ओढून बघितलं. पेडल सैल, हातपाय तुटल्यासारखं, आणि इंजिन पूर्ण उघडं. समोर वळण, वळणावर देवळाकडे चालत निघालेली माणसं.

मामांनी कातळावर शिकवलेलं त्या क्षणी हातापायांना आठवलं. आधी क्लच पूर्ण दाबला. इंजिन किंचाळायला लागलं, पण चाकांची ओढ सुटली. मग किल्ली बंद केली, काढली नाही. मग ब्रेक. आमच्या गाडीत ब्रेकला सर्वो, म्हणजे पायाचा जोर वाढवणारी सोय, नाही, स्टिअरिंगही साधं, त्यामुळे इंजिन बंद झालं तरी दोन्ही होते तसेच राहिले. सर्वो असलेल्या गाडीत इंजिन बंद झाल्यावर ब्रेक दोन-चार दाबांनंतर फार जड होतो, तिथे ब्रेक पुन्हा पुन्हा पंप न करता एकदाच घट्ट दाबून धरायचा. गाडी गटाराच्या कडेला थांबली. भाचीनं माझा हात धरला होता, तो घरी येईपर्यंत सोडला नाही.

मिस्त्री टेम्पो घेऊन आले. एका शब्दानं बोलले नाहीत की मी सांगत होतो. बॉनेट उघडलं, टॉर्च मारला आणि केबलच्या टोकाकडे बराच वेळ बघत राहिले.

"बाय, ही वायर ह्या गाडयेची न्हय. ही मोटरसायकलच्या क्लचाची."

पेडलच्या टोकाला ओतीव निपलच नव्हतं, स्क्रूनं आवळायचं तयार निपल होतं, सायकलच्या दुकानात मिळतं तसं. आतली तार मूळ नळीपेक्षा बारीक, त्यामुळे डुगडुगत होती. लांबीला जास्त होती, म्हणून उरलेला भाग वेटोळं करून खाली सोडून दिलेला. आता एमजीबीचे कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (जळका धूर बाहेर नेणारी नळी) इंजिनच्या एकाच बाजूला, डावीकडे असतात, कार्बोरेटर वर आणि तापलेलं मॅनिफोल्ड त्यांच्या खाली. मधे उष्णता अडवायला पत्रा असतो. ते वेटोळं नेमकं त्या पत्र्याच्या पलीकडे लोंबत होतं.

पण मिस्त्री एवढ्यावर थांबले नाहीत. म्हणाले, नळी भायरसून भाजली ती उष्णतेन, आतसून कित्याक भाजली? आणि खरंच, मॅनिफोल्डपासून लांब, पेडलच्या बाजूलासुद्धा आतलं प्लास्टिक वितळून तारेला चिकटलं होतं. ते गाडीखाली गेले आणि तिथूनच ओरडून म्हणाले, "अर्थिंगाची पट्टी बांधूकच नाय!"

हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सविस्तर सांगते, कारण ही चूक कुठल्याही जुन्या गाडीत जीवघेणी ठरू शकते. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी तांब्याची विणलेली जाड पट्टी असते. स्टार्टर फिरताना शंभराहून जास्त अँपिअर करंट ओढतो आणि तो सगळा या पट्टीतून बॅटरीकडे परततो. पट्टी सोडलेली असली तर करंटला दुसरा कोणताही धातूचा रस्ता चालतो. बॉडीपासून इंजिनपर्यंत जाणारी अ‍ॅक्सिलरेटरची तार आणि चोकची तार हे असेच दोन रस्ते. त्या बिचाऱ्या दोन तारा तेवढ्या करंटाला हीटरच्या कॉइलसारख्या तापतात. रेंगाळणारा स्टार्टर, जळका वास, गरम झालेली चोकची मूठ, तिन्ही खुणा हेच सांगत होत्या. "करंटाक परत जावक वाट व्हयी," मिस्त्री म्हणाले. "ती गावाक (सापडली) नाय, म्हणान तो हे वायरीतसून गेलो."

पट्टी कुठल्याशा कामासाठी सोडली आणि परत लावलीच नाही. कोणत्या कामासाठी, ते त्या एस्टिमेटवर कुठंच लिहिलेलं नाही.

मग मला वही आठवली. रात्री बसून वाचली. एसयू कार्बोरेटरमध्ये वर घंटेसारखं अ‍ॅल्युमिनियमचं भांडं असतं आणि त्यात पिस्टन वरखाली होतो. भांडं आणि पिस्टन कारखान्यातूनच एकमेकांना जुळवून येतात, एकाचा पिस्टन दुसऱ्याच्या भांड्यात घालायचा नसतो. दोन कार्बोरेटर एकदम उघडले तर गोंधळ होऊ नये म्हणून मामांनी १९८३मध्ये भांड्याच्या आतल्या कडेला आणि पिस्टनवर टोकदार हत्यारानं खूण कोरली होती. पुढच्याला बोटीचा एक नांगर, मागच्याला दोन. वहीत चित्र काढून ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी दोन्ही उघडले. पुढच्यात नांगर होता, तोही जुन्याच मळासकट. म्हणजे 'ओव्हरहॉल' करताना तो उघडलासुद्धा नव्हता. मागच्यात काहीच खूण नाही. थ्रॉटलचा, म्हणजे कार्बोरेटरची झडप फिरवणारा, दांडा बोटानं हलवला तर खडखडत होता, अशा ढिल्या दांड्यातून हवा आत शिरते आणि आयडलिंग, म्हणजे पेडल न दाबता इंजिनाचं संथ चालणं, कधीच नीट लागत नाही. माझा मागचा कार्बोरेटर काढून घेऊन कुणाचा तरी झिजलेला तिथे बसवला गेला. त्याचे मी ३२ हजार मोजले.

फोन केला. आधी "तुमच्या गावच्या माणसानं काहीतरी केलं असेल," मग "नांगर-बिंगर मला माहीत नाही," मग फोन उचलणं बंद.

जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. २०१९च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे ओरोसला, आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणीच, जावं लागतं, घाट चढायची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद केली होती. वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पक्कं बिल? जुना भाग?" माझ्याकडे मोबाइलवरून गेलेल्या पैशांच्या नोंदी आहेत, त्याचे मेसेज आहेत, दुकानाच्या पानावरून उचललेला तो फोटो आहे, मोटरसायकलची ती वितळलेली तार आहे आणि मामांची वही आहे. नाही ते फक्त गाडीतून काढलेलं जुनं सामान. ती तुटकी केबल आणि तो कार्बोरेटर मी त्या दिवशीच समोर मागायला हवा होता. गाडी देण्याआधी बॉनेट उघडून चारी बाजूंनी फोटो काढले असते, तर आज नांगराच्या खुणेवर एवढी भिस्त ठेवावी लागली नसती.

नवी केबल माझ्या चुलतभावानं आणली. तो बोटीवर असतो, त्याची बोट इंग्लंडला लागली तेव्हा एका दुकानातून घेतली. किंमत पंधरा पौंडांच्या आत. मी १४,५०० आणि वर ६,५०० दिले होते ते ह्याच वस्तूसाठी.

ती बसवायला मिस्त्रींना दीड तास लागला आणि त्यातला तासभर पेडलची खाच घासून गुळगुळीत करण्यात गेला. तेवढं केलं नसतं तर नवी केबलही त्याच जागी तुटली असती. अर्थिंगची पट्टी नवी टाकली, दोन्ही टोकांचा रंग आणि गंज खरवडून. केबल फायरवॉलवरून (इंजिन आणि सीटच्या मधला पत्रा) मोठ्या, सैल वळणानं नेली. आतून प्लास्टिकचं अस्तर असल्यामुळे ग्रीस भरलं नाही, आमच्याकडच्या हवेत त्यात वाळू नि मीठ चिकटतं. कार्बोरेटरच्या टोकाला आवळताना जरासा ढिलेपणा ठेवला, म्हणजे इंजिन हलल्यावर तार आपोआप ओढली जात नाही. मग एअर फिल्टर काढून मला पेडल पूर्ण दाबायला सांगितलं आणि स्वतः आत बघितलं, दोन्ही झडपा सपाट उघडतात का. पेडल जमिनीच्या अडणीला टेकायला हवं, सगळा जोर तारेवर यायला नको. शेवटी दोन्ही परतीच्या स्प्रिंगा एकेक करून सोडून बघितल्या, एकीवरही झडप बंद व्हायला हवी म्हणून. हे सगळं मी शेजारी उभी राहून बघितलं. मजुरी घेतली ६०० रुपये.

मागचा कार्बोरेटर मात्र अजून तोच परका आहे. आयडलिंगला गाडी थरथरते. आमच्या घाटावरच्या किंवा मुंबई-पुण्याच्या जुन्या गाडीवाल्यांपैकी कुणाला एखादा सुटा एसयू एचएस४ कार्बोरेटर विकायला आला, तर घेण्याआधी त्याचं वरचं भांडं एकदा उचलून आतल्या कडेला बघा. दोन छोटे नांगर कोरलेले दिसले, एक जरा डावीकडे कललेला, तर तो माझ्या मामांचा आहे.